पेन्सिल सेलचे दिवस

फेब्रुवारी संपत आला की आमच्या दुकानासमोरचा कडुनिंब पानं गाळायला लागतो, आणि ते मला आधी कानांनी कळतं. वाळलेलं पान पत्र्याच्या शेडवर पडलं की टिच् असा बारीक आवाज होतो. दिवसभर टिच्, टिच्. मग कूलर दुरुस्त करणारे गल्लीत हिंडायला लागतात. जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरतात, आणि त्या गवताचा ओला वास सुटायच्या आधी पंप चालू करून बघतानाची घरघर येते. पारदर्शक पाकिटात पेनं आणि हॉलतिकीट घेतलेली पोरं रिक्षात दाटीनं बसलेली असतात आणि त्यातलं एखादं मोठ्यानं व्याख्या घोकत असतं. परीक्षा आल्या.

माझा धंदाच कानांचा. संभाजीनगरात, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या मधे माझं दहा बाय बाराचं दुकान आहे. तिथं कानाची मशीनं मिळतात, दुरुस्त होतात, कानात बसवायचे त्यांचे साचे बनतात. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. लोकांचे रेडिओ अडगळीत जायला लागले तसे ते कानाच्या मशीनकडं वळले. दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटायचा नाही. एक मोठा रेडिओ, एक छोटा, असं म्हणायचे. हातातलं काम मी त्यांच्याकडून शिकले आणि कान तपासण्याचं रीतसर शिक्षण नंतर घेतलं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून आता ऋतूसुद्धा मला ऐकूच येतात.

परवा मुंबईच्या डीलरचा फोन आला. "मॅडम, समुद्रात पुन्हा गडबड आहे. माल कधी लागेल सांगता येत नाही. असेल त्यात भागवा." दोन वर्षांपूर्वी हेच ऐकून मी दिवसभर फोन फिरवत बसले होते. परवा मी नुसतं "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि निवत चाललेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

या दोन फोनांच्या मधे एक पोरगी आहे. तिची ही आठवण.

कानामागं लावायच्या मशीनचा सेल शर्टाच्या बटणाएवढा असतो. त्याच्या पाठीवर रंगीत कागद चिकटवलेला असतो, आणि मोठ्या ताकदीच्या मशीनच्या सेलवर तो निळा असतो. कागद सोलला की बारीक भोकांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की तो पुन्हा झोपत नाही. मशीन वापरा नाहीतर डबीत ठेवा, तो झिजतच राहतो. दहा-पंधरा दिवस चालतो. मग मशीन दोनदा टुं टुं करतं आणि गप्प बसतं.

माझ्याकडं येणारे हे निळे सेल युरोपातून जहाजानं यायचे. त्या हिवाळ्यात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले आणि जहाजांनी ती वाटच सोडली. सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून ती यायला लागली. ही बातमी मी पहिल्यांदा ऐकली ती पोळी लाटता लाटता, इतर दहा बातम्यांसारखी. आमच्या शहराला समुद्र नाही. इथल्या माणसाला जहाज म्हणजे टीव्हीत दिसणारी वस्तू. पण हळूहळू ती जहाजं माझ्या दुकानात यायला लागली. वाळूजच्या कारखान्यांत काम करणारे ग्राहक सांगायला लागले, अमुक ठिकाणी सुटे भाग पोचले नाहीत म्हणून मशीन उभं आहे, तमुक ठिकाणी तयार माल गोदामात पडून आहे. वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी कान तपासायला आला तेव्हा निम्मा वेळ फोनवरच होता. "ताई, माझा कंटेनर बंदरातच उभा हाय," तो म्हणाला. "आतला कांदा कोंब काढायलाय."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडचं शेवटचं निळं पाकीट संपलं.

मी डीलरला फोनावर फोन केले. एकदा तो म्हणाला, थोडा माल विमानानं आलाय. माझा जीव भांड्यात पडला. मग तो म्हणाला, "पण मॅडम, तो मोठ्या शोरूमवाल्यांनी येण्याआधीच उचलला. तुमची ऑर्डर लहान आहे ना. तुमचा नंबर शेवटी."

वाट बघणं आमच्या शहराला कुणी शिकवायला नको. इथं नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. पाण्याचा दिवस असला की सगळी गल्ली कान टवकारून बसते. नळातून आधी हवा सुसाटते, मग खाकरल्यासारखा आवाज होतो आणि मग धार लागते. आम्ही पिंपं, बादल्या, पातेली, घरात असेल नसेल ते भरून ठेवतो. ऐकणं मात्र पिंपात भरून ठेवता येत नाही. रिकाम्या कपाटाकडं बघत मी बसले होते तेव्हा हेच मनात येत होतं.

कोमल पाचोडजवळच्या एका वाडीची. सहा वर्षांची असताना तिची आई सविता तिला पहिल्यांदा माझ्याकडं घेऊन आली होती. मशीन लावलं त्याच क्षणी गल्लीतून बोहारीण ओरडत गेली, आणि कोमलनं दचकून आईच्या मांडीत तोंड खुपसलं. मग एक डोळा बाहेर काढून दाराकडं बघितलं, अजून ओरडते का म्हणून. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी मायलेकी यायच्या. सविता मोसंबीच्या बागांत तोडणीला जायची, आणि पिशवीतून दोन-चार मोसंब्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्याशिवाय खुर्चीत बसायची नाही. कोमल माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली. सातवी-आठवीत गेल्यावर तिनं केस कानांवरून सोडायला सुरुवात केली. कानामागचं मशीन कुणाला दिसू नये म्हणून. वर्गातल्या निम्म्या मुलींना ते माहीत नव्हतं, आणि तिला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी ती दहावीला होती. जानेवारीच्या मध्यावर सविता तिला घेऊन आली आणि मोसंब्या ठेवता ठेवताच म्हणाली, "ताई, सेल द्या बरं लवकर. चार दिसांपासून पोरीचं मशीन बंद हाय. गावातल्या घड्याळवाल्याचा सेल घालून बघितला, तासभर चालला अन शिट्टी मारून गप झाला."

"सविता, सेल नाहीत गं."

"नाय म्हंजी? तुमच्या दुकानात सेल नाय?"

मी तिला जहाजांचं सांगितलं. तांबडा समुद्र, हल्ले, वळसा. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग कोमलकडं बघितलं. कोमल आमच्या दोघींच्या ओठांवर आळीपाळीनं नजर फिरवत बसली होती.

"कुठल्या समुंदरात कोण भांडायलंय," सविता म्हणाली, "अन माझ्या पोरीनं काहून बहिरं बसायचं?"

  तो प्रश्न तिनं विनवणीसारखा केला नव्हता, जाब विचारल्यासारखा केला होता, आणि ते बरोबर होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी कोमलची मराठीची तोंडी होती. सर उतारा वाचून दाखवणार, त्यावर प्रश्न विचारणार. आणि त्याआधीचे सगळे दिवस उजळणीचे, म्हणजे सर फळ्याकडं तोंड करून भराभर बोलणार ते.

त्याच वेळी दारात युसुफचाचा उभे राहिले. चाचा सिल्लोडचे, निवृत्त शिक्षक. त्यांच्या छातीवर, शर्टाच्या बाहेर, काड्यापेटीहून थोडी मोठी डब्बी असते आणि तिच्यातून निघालेली पांढरी वायर गळ्यावरून कानापर्यंत जाते. ही जुन्या पद्धतीची, खिशात ठेवायची मशीनं. आता फारसं कुणी वापरत नाही. गेली कित्येक वर्षं मी त्यांना दर भेटीत सांगायचे, चाचा, आता लहान मशीन घ्या, दिसणारसुद्धा नाही. ते दर भेटीत म्हणायचे, "नक्को. दिखने दो. सामनेवाला देखता तो जरा साफ बोलता." त्या दिवशी ते तुटलेली वायर बदलायला आले होते.

"क्या हुआ बेटी? चेहरा कायकू उतरा?"

मी मोठ्यानं, तुकड्यातुकड्यांत त्यांना सांगितलं. त्यांनी डब्बीचं झाकण सरकवलं, आतला सेल काढून दोन बोटांत धरला. साधा पेन्सिल सेल. भिंतीवरच्या घड्याळात असतो तो, टीव्हीच्या रिमोटमधला.

"ये मेरा कान," ते म्हणाले. "सिल्लोड में किराना दुकान पे मिलता. चायपत्ती के बाजू में."

आणि सविताकडं बघून हसले.

मला त्या क्षणी लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला. राग कुणाचा ते लगेच कळलं नाही. जहाजांचा नव्हे. डीलरचा थोडा. बराचसा माझाच. बाबांच्या हयातीत आमच्या दुकानात या डब्ब्यांची रांग असायची. त्यांच्या माघारी मी त्या सगळ्या पत्र्याच्या पेटीत भरून माळ्यावर टाकल्या होत्या आणि पुढच्या काचेवर एक मोठं रंगीत चित्र लावलं होतं. एक हसरी बाई, कानावर केस, खाली ओळ: "कुणाला कळणारही नाही!"

पेटी खाली काढली. वर धूळ इतकी की सविता शिंकायला लागली. आत जुन्या रबराचा, पत्र्याचा आणि सोल्डरिंगच्या राळेचा वास. बाबा घरी आल्यावर त्यांच्या बाहीला हाच वास यायचा. लहानपणी मला तो आवडायचा नाही, मैत्रिणींच्या वडलांच्या कपड्यांना अत्तराचा यायचा म्हणून. त्या दुपारी मी तो छाती भरून घेतला. अकरा मशीनं निघाली. काहींच्या आत सेल फुटून हिरवी-पांढरी बुरशी चढली होती. लिंबाचा रस आणि जुना टूथब्रश घेऊन मी घासायला बसले, तुटलेले सांधे जोडले. पहिलं मशीन चालू झालं तेव्हा त्यातून आधी खरखर आली आणि मग गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेलं आपटलं ते माझ्या कानात घणासारखं वाजलं. मी इतकी खूश झाले की चाचांना ऐकवायला धावले, आणि मग लक्षात आलं, त्यांची वायर अजून मी जोडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर लिहून दाराशी लावलं: जुनं डब्बीचं कानाचं मशीन घरात पडलं असेल तर आणून द्या. बिघडलेलंही चालेल.

लोकांनी आणून दिली. वैजापूरच्या एका गुरुजींनी टॉवेलमध्ये गुंडाळून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलं. सिडकोतल्या एका बाईंनी आणलेल्या मशीनला हातानं शिवलेली निळी पिशवी होती. "हे ह्यांचं," त्या म्हणाल्या. "ते गेले, तरी टाकवलं नाही. कुणाच्या कानाशी बोललं तर बरंच." त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि पुन्हा एकदा उचलून त्याची आवाजाची चकती फिरवून बघितली. ज्यांना गरज होती त्यांना मी एकेक देत गेले. देताना सांगत गेले, सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल, माझ्याकडं यायचीसुद्धा गरज नाही. कुठला दुकानदार ग्राहकाला असं सांगतो? पण ते सांगताना मला फार बरं वाटायचं.

पण कोमलनं ते मशीन घातलं नाही.

डब्बीच्या मशीनला वेगळा साचा लागतो, म्हणून मी तिच्या कानाचा ठसा घेतला. कानात थंडगार लगदा भरला की पोरं खुदकन हसतात. कोमल हसली नाही. आठवड्यानं साचा तयार झाला, मशीन तिच्या गळ्यात अडकवलं, चकती फिरवली. तिला ऐकू आलं हे तिच्या भुवयांवरून मला कळलं. मग तिनं समोरच्या आरशात बघितलं. छातीवरची डब्बी, गळ्यावरची वायर. तिनं सावकाश सगळं उतरवलं आणि टेबलावर ठेवलं.

"मी नाय घालणार."

"कोमे!" सविता ओरडली. "तोंडी आलीय डोक्यावर!"

"नाय घालणार. पोरं डबडं म्हणतील मला."

चाचा असते तर काही बोलले असते. मी थोडं समजावून बघितलं. चष्मा काय लपवतात का, वगैरे. सोळा वर्षांच्या मुलीला हे सांगणं किती पोकळ असतं ते बोलता बोलताच मला ऐकू येत होतं. आणि समजावणारी मी कोण? तिच्या डोक्यावर, काचेवर, ती हसरी बाई होतीच. कुणाला कळणारही नाही. दहा वर्षं ही पोरगी माझ्या दुकानात येऊन ते वाचत होती. लपवायला तिला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं. न दिसणारं मशीन विकता विकता, दिसण्यात काहीतरी वाईट आहे हेही मी विकत होते. आणि न दिसणाऱ्या वस्तूसाठी आम्ही सगळ्यांनी आपले कान एका जहाजाला बांधून टाकले होते.

मायलेकी मशीन न घेता गेल्या. त्या दिवशी दुकान उघडं होतं, पण मी काही काम केलं नाही. स्टुलावर चढून ते चित्र काढलं. चिकटपट्टीचे चार पिवळे डाग काचेवर राहिले, ते अजून आहेत.

बाराएक दिवसांनी, भर दुपारी, कोमल दारात उभी होती. एकटी. पाचोडहून शहरात ती कधी एकटी आलेली नव्हती, आणि आता तर कानात काहीच नव्हतं. तिच्या चपलांवर बसस्थानकापासूनची धूळ होती.

"आई कुठंय?" मी ओठ नीट हलवून विचारलं.

"बागंत. तिला सांगितलं नाय."

"आलीस कशी?"

तिनं मुठीतला कागद उघडून दाखवला. 'पाचोड ते संभाजीनगर, एक. उतरायचं ठिकाण आलं की हात लावून सांगा.' कंडक्टरला दाखवला होता.

मी पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"बाई आईशी बोलत होत्या शाळेत," ती म्हणाली. ती बोलताना काही अक्षरं नाकातून येतात, पण त्या दिवशी एकेक शब्द दगडासारखा पडत होता. "माझ्यासमोर बोलत होत्या. त्यांना वाटलं मला काय कळतंय. बाई म्हणल्या, कोमलची तोंडी माफ करून घेऊ, तशी सोय असते. तिला काय ऐकू येणार, अन ती काय बोलणार. मी वाचलं. त्यांच्या तोंडावर वाचलं."

सोय असते, आणि ती असलीच पाहिजे. ज्याला हवी त्यानं ती हक्कानं घ्यावी. पण कोमलला कुणी विचारलंच नव्हतं.

"आई काय म्हणाली?"

"आई काय नाय म्हणली. आईनं हो म्हणून मान हलवली."  मग तिनं हात पुढं केला. "द्या ते."

मी मशीन काढून दिलं. तिनं ते स्वतः गळ्यात घातलं, साचा कानात बसवला. मग मनगटावरचं रबर काढून कानांवरचे केस दोन्ही हातांनी मागं ओढले आणि घट्ट बांधले. दोन्ही कान उघडे. सातवी-आठवीनंतर मी तिचे कान तपासायच्या वेळेव्यतिरिक्त कधी बघितले नव्हते.

"ताई, बोला कायतरी."

 मी म्हटलं, "जेवलीस का?"

"नाय," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

मी सविताला फोन लावला. आधी ती रडली, मग कोमलला झापायला लागली. कोमल म्हणाली, "आई, ऐकू येतंय मला, सगळं ऐकू येतंय," तशी झापणं थांबलं.

डब्बीचं मशीन काही जादू नाही. त्याचा कान, म्हणजे आवाज पकडणारा माइक, छातीवर असतो, त्यामुळं कपडा घासला की वादळ उठल्यासारखी खसखस होते. कोमलला पहिल्या दोन दिवसांत डोकं धरून बसावं लागलं. सवितानं उपाय काढला. डब्बीसाठी पिशवी शिवली आणि गणवेशावर बाहेरून टाचली, म्हणजे कपडा घासायचा प्रश्नच मिटला. गणवेश फिका निळा. पिशवीसाठी तिनं जुन्या लुगड्याचा लालभडक तुकडा घेतला. मी विचारलं, निळा मिळाला नाही का? म्हणाली, "हुता की. पण आता लपवायचंच नाय तर नीट दिसू द्या."

पोरांनी डबडं म्हटलं. दोन दिवस म्हटलं. तिसऱ्या दिवशी कोमलनं त्यातल्या एकाच्या कानाला ते मशीन लावलं आणि चकती पूर्ण फिरवली. त्यानं अशी उडी मारली म्हणे की बाक हलला. त्यानंतर मधल्या सुट्टीत ऐकून बघायला रांग लागायची.

तोंडीच्या दिवशी मी तिथं नव्हते. सविता वर्गाच्या खिडकीबाहेर उभी होती, तिनं सांगितलं. नाव पुकारल्यावर कोमल आत गेली. तोंडी घ्यायला दुसऱ्या शाळेतले सर आले होते. त्यांनी यादीत तिच्या नावापुढचा शेरा बघितला, तिच्या छातीवरची लाल पिशवी बघितली आणि हातानंच खूण केली, तू बस, तुला नाही विचारत. कोमल बसली नाही. तिनं पिशवीतली डब्बी काढून सरांच्या टेबलावर, त्यांच्या समोर ठेवली. वायर ताणली गेली म्हणून थोडी पुढं वाकली. चकती फिरवली.

"सर, आता वाचा."

सरांनी उतारा वाचला. तिनं पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसरा प्रश्न तिला कळला नाही.  कोमल म्हणाली, "सर, परत विचारा. खाली बघून विचारलं तुम्ही." सरांनी वर बघितलं. मग तिच्याकडं बघून, सावकाश, परत विचारलं. तिनं उत्तर दिलं. बाहेर आल्यावर तिच्या बगला घामानं भिजल्या होत्या. सविता सांगत होती, "ताई, मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणली, थांब, वायर तुटंल."

त्याच मार्चमध्ये रमजान होता. युसुफचाचा एका संध्याकाळी खजुराचं पाकीट घेऊन आले. रोजा सोडायचा भोंगा व्हायला थोडा वेळ होता. मी त्यांना कोमलची तोंडी सांगितली. ते शिक्षक माणूस. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "सवाल फिर से पूछने कू बोली? सर कू?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ मान डोलवत राहिले. "हौ," म्हणाले. "ये पढी सही में." मग भोंगा झाला, आणि त्यांनी छातीवरची चकती थोडी कमी केली.

सेल एप्रिलच्या मध्यावर आले. निळ्या कागदाचे, कोरे, जणू काही झालंच नाही असे. डीलर म्हणाला, "बघा मॅडम, आला ना माल?" मी पाकिटं मोजून घेतली. कोमलनं तिचं पाकीट नेलं आणि लहान मशीन पुन्हा लावलं. खोटं कशाला सांगू, लहान मशीनच चांगलं ऐकवतं. शब्द स्वच्छ येतात, खसखस नाही, गळ्यात वायर नाही. मी काही डब्ब्यांची आरती ओवाळत नाही. चांगली वस्तू जगाच्या कुठल्याही टोकाची असली तरी माझ्या ग्राहकांना मिळाली पाहिजे, वेळेवर मिळाली पाहिजे, यासाठी मी डीलरशी दर महिन्याला भांडते. पण ती आली नाही तर आम्ही मुके-बहिरे होऊन बसणार नाही, एवढं त्या दिवसांत ठरलं. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाच्या कानाचे मी दोन साचे करते. एक लहान मशीनचा, एक डब्बीचा. दुरुस्त मशीनं फळीवर, समोर, दिसतील अशी. कोमल दहावी पास झाली. मराठीत तिला सगळ्या विषयांपेक्षा जास्त मार्क पडले. केस तिनं परत सोडले नाहीत.

ती यंदा बारावीला आहे. मागच्या महिन्यात तिचे निळे सेल संपले आणि माझ्याकडचेही संपत आले, तेव्हा तिनं फोनवर लिहून पाठवलं, "ताई उरलेले लहान पोरांना द्या. मी डब्बी काढलीय."

कालच्या पेपरला तिचं केंद्र शहरात होतं. मलाही पाचोडला एका आजींच्या कानाचा ठसा घ्यायला जायचं होतं, म्हणून दुपारी आम्ही एकाच एसटीत बसलो. ती खिडकीशी, मी मधे, आणि माझ्या पलीकडं हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, मांडीवर कोथिंबिरीची पेंडी घेऊन. आडूल मागं पडलं. उघड्या खिडकीतून मोसंबीच्या फुलांचा वास येत होता. म्हातारी बराच वेळ माझ्यावरून वाकून कोमलच्या छातीवरच्या डब्बीकडं, वायरीकडं, कानाकडं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय हाय गं पोरी ते?"

"मशीन हाय, आजी. मला कमी ऐकू येतं."

म्हातारीच्या चेहऱ्यावर कळवळा दाटून आला. तिनं तोंडाशी हात धरले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि सगळी बस मागं वळून बघेल एवढ्या जोरात ओरडली, "कोणत्या गावची गं तूऽऽ?"

कोमलनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग एक हात काढून शांतपणे चकती थोडी मागं फिरवली.

"आजी, ओरडू नका," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."